दोऱ्याआतला खेळ

३ ऑक्टोबर

ताई,

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या वेळी मी फोन ठेवल्यावर माझी लेक, मुंगी, दिवसभर जेवली नाही, असं तूच म्हणालीस. माझंही तेच झालं, फक्त मला भरवायला कुणी नव्हतं. त्यापेक्षा पत्र बरं. तू जागी असतेस तेव्हा मी मेल्यासारखी पडलेली असते आणि मी जागी असते तेव्हा तू घोरत असतेस. पत्राला ते चालतं.

कामाचं काय सांगू. इस्पितळ रात्री झोपतं, त्याची लाँड्री झोपत नाही. गरम रुळातून चादर बाहेर आली की एक टोक मी धरायचं, एक समोरच्या बाईने. जवळ यायचं, घडी घालायची, लांब जायचं. रात्रभर आम्ही दोघी अशा जवळ येतो आणि लांब जातो, आणि बोलत मात्र काही नाही. बोलायला अंगात जीव लागतो.

आता मुद्द्याचं. इथे इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक शाळा आहे. शाळा सुटल्यावरही मुलांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात, जेवू घालतात, झोपवतात. अशी ही या भागात एकच. घरमालकीणबाई म्हणतात, "रात्री झोपवीन मी तिला माझ्याकडे, झोपलेलं मूल काय जड असतं? दिवसा मात्र माझ्याच्याने नाही व्हायचं." म्हणजे रात्र सुटली. दिवस सुटला की माझी पोर माझ्याकडे येऊ शकते. तिचा बाप दुसरं घर करून बसला तेव्हा तू तिला नेलंस म्हणून मी उभी राहिले. ते उपकार फिटायचे नाहीत. पण आता मला ती हवी आहे.

अडचण एवढीच, की ते लोक फेब्रुवारीत मुलांना बसवून बघतात. नाव लिहिता आलं पाहिजे, मुळाक्षरं, पन्नासपर्यंत आकडे, आणि सांगितल्या जागी गप्प बसता आलं पाहिजे. तू बालवर्गाची बाई. तुझ्या हाताखालून किती पोरं गेली. हिचं तेवढं करून दे. आणि ताई, खेळ जरा कमी कर.

तुझी
धाकटी


१४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं. पोर आईकडे गेली पाहिजे, यात दुमत नाही. करते मी.

पण "खेळ जरा कमी कर" हे तू मला सांगावंस? सगळं गाव सांगतंच आहे. रोज संध्याकाळी दारात कुणी ना कुणी आई नाही तर बाप उभा असतो. "बाई, आमचा अजून अ काढत नाही." अगं, तो काल पहिल्यांदा न रडता बसला, ते कुणाला दिसत नाही. समोर नवीन शाळा निघाली आहे, तिथे तिसऱ्या वर्षी पाठ्यपुस्तक देतात. माझ्या वर्गातून दोघं तिकडे गेली. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, आणि वर चढून त्याच त्या गोष्टी लोकांना समजावायच्या. हात टेकले मी.

तुझ्या लेकीचं ऐक. माझ्या वर्गाची खोली तुला आठवते ना, शिंपीदादाच्या दुकानावरची? खालून दिवसभर मशीनचा आवाज. दादा रिकामी रिळं आणि चिंध्या वर पाठवून देतात. त्या रिळांची आणि चिंध्यांची मुंगीने लाँड्री मांडली आहे. छोटी रिळं म्हणजे बाया. दोन रिळांमध्ये चिंधी धरते, जवळ आणते, घडी घालते, लांब नेते. मला वाटलं हे काय नवीन. आता तुझं पत्र वाचल्यावर कळलं, तूच कधीतरी तिला सांगितलं असणार. एक मोठं रीळ आहे, ते चिंध्यांखाली झोपवलेलं असतं. ती आई. मी विचारलं, "ही कधी उठणार?" तर म्हणाली, "अजून वेळ झाली नाही." रोज बाकीच्या बाया काम करतात आणि आई झोपलेली असते. आता बघायचं ती कधी उठते.

माझ्या वर्गात एक नियम आहे. ज्याचा खेळ संपला नसेल त्याने भोवती लाल दोरा ठेवायचा. दादांचा, गाद्यांच्या खोळी शिवायचा जाड दोरा. दोऱ्याच्या आतलं कुणी मोडायचं नाही, आवरायचं नाही. केर काढणाऱ्या मावशीसुद्धा बाजूने झाडतात आणि मला शिव्या घालतात. दुसऱ्या दिवशी पोर येते ती सरळ आपल्या दोऱ्यापाशी जाऊन बसते. तिला कुणी बसवावं लागत नाही, धाकटे. तुझ्या शाळेला हवं आहे ते गप्प बसणं म्हणजे हेच की.

बोटं तयार होऊ देत. मग अक्षरं हां हां म्हणता येतील. तू पहिलीत पाटीचा कोपरा चावून खाल्ला होतास, तरी पुढे लिहिती झालीसच ना?

तुझी
ताई


२ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र ट्रॉलीवर बसून वाचलं. आमच्या मुकादमीणबाईंचा नातू मुंगीएवढाच आहे. तो शंभरपर्यंत लिहितो आणि उलटेही म्हणून दाखवतो. त्या मला रोज ऐकवतात. मी मूग गिळून घड्या घालते.

ताई, तुझं सगळं खरं असेल. पण तो खेळ बघायला त्या शाळेतली माणसं तुझ्या खोलीत येणार नाहीत. ती हिच्यापुढे कागद ठेवतील. कागद कोरा राहिला तर पुढच्या मुलाला हाक मारतील. मग आणखी एक वर्ष. तोवर ती मला ओळखेल का? तू म्हणतेस, बोटं तयार होऊ देत. माझ्याकडे तेवढा वेळ नाही आणि तेवढी ताकदही नाही.

आणि रिळांची लाँड्री खेळते, हे वाचून मला काही आनंद झाला नाही. मी इथे हाडं झिजवते ती तिने लाँड्रीत जाऊ नये म्हणून.

दोरा-बिरा राहू दे. लिहायला बसव. दर पत्राबरोबर तिच्या हातचा एक कागद पाठवत जा. मी तो उशाशी ठेवीन. डिसेंबरात सुट्टी काढून येते म्हणते.

धाकटी


२० नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

सोबत कागद पाठवते आहे. उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि गोल. गोल जरा बटाट्यासारखे आले आहेत, पण तिचेच आहेत. पेन्सिल धरते, मग थोड्या वेळाने "बाई-मावशी, हात दमला" म्हणते आणि रिळांकडे बघते. मला बाई म्हणावं की मावशी, हे तिचं अजून ठरलेलं नाही, म्हणून दोन्ही म्हणते. घाई करत नाही मी. जमेल.

तू डिसेंबरात सुट्टी काढून येणार, हे मी तिला सांगून टाकलं. तेव्हापासून तिने आपला निळा फ्रॉक खुर्चीवर काढून ठेवला आहे आणि कुणाला हात लावू देत नाही.

मोठं रीळ अजून झोपलेलंच आहे. मी विचारायचं सोडून दिलं.

तब्येत सांभाळ. उपाशी झोपू नकोस.

तुझी
ताई


२ जानेवारी

ताई,

डिसेंबरभर तुझा एकही कागद आला नाही. नोव्हेंबरात रेघा आणि गोल. फेब्रुवारी तोंडावर आला आहे आणि माझी मुलगी बटाटे काढते आहे.

खूप दिवस मनात आहे, लिहू की नको करत होते. आता लिहितेच. तुला तिला पाठवायचं नाही. तुला सवय झाली आहे. जिन्यावर चढताना कुणीतरी बोट धरायला, जेवताना समोर कुणीतरी. मी समजू शकते. पण मग तसं सांग. खेळ, बोटं, वेळ आली नाही, असली कारणं मला सांगू नकोस. दुसऱ्यांची पोरं तू खुशाल वर्षभर खेळव. माझी माझ्याकडे यायची आहे.

धाकटी


९ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला. शिंपीदादांनी विचारलं, "बाई, बरं नाही का?" म्हटलं, गुडघे.

तू लिहिलंस ते वाचून आधी संताप आला. वाटलं, उलट टपाली तुला चार शब्द सुनवावेत. मग दोन दिवस काहीच लिहिलं नाही, कारण तू सगळंच खोटं लिहिलेलं नाहीस. ती निजली की तिचा पाय माझ्या पोटावर असतो. तो उद्या नसेल, असं मनात आलं की मी दुसऱ्या दिवशी पेन्सिल काढायची विसरते. मुद्दाम विसरते का? देवाशपथ सांगते, मलाच कळत नाही. खेळावर माझा विश्वास आहे, तो आजचा नाही. पण या एका पोरीच्या बाबतीत त्या विश्वासाआड मी काय काय लपवलं, ते मलाच ठाऊक नाही.

आता माझंही ऐकून घे. डिसेंबरात येणार होतीस. तो निळा फ्रॉक महिनाभर खुर्चीवर होता. ती रोज खिडकीत उभी राहायची आणि मी रोज वेगळी थाप मारायचे. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सुट्टी मिळाली नाही, एवढी एक ओळ लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं? मला म्हणतेस कारणं सांगू नकोस. तू तर कारणसुद्धा सांगितलं नाहीस.

असो. उद्यापासून बसवते तिला. फेब्रुवारीपर्यंत सगळं येईल. तुला शब्द दिला.

ताई


२१ जानेवारी

ताई,

सुट्टी मिळाली होती.

पहिल्या दिवशी सकाळी कामावरून आले आणि म्हटलं, जरा पडते, मग बस पकडते. उठले तेव्हा काळोख झाला होता. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली, जिना उतरले आणि परत वर आले. वाटलं, ती मला बघून तुझ्या मागे लपली तर? आणि नाही लपली, गळ्यात पडली, तर दोन दिवसांनी तिला सोडवून कशी येऊ? उरलेले दिवस झोपले. सुट्टी संपली.

तुला दोष देणं सोपं होतं म्हणून दिला. ती शाळेत बसेल तेव्हाच बोलावीन, असं मी ठरवलं होतं ना, ते मला बरंच होतं. मला आणखी थोडा वेळ मिळत होता. ती आली आणि मी अशीच पडलेली दिसले तर काय, याची भीती वाटते मला. अजून वाटते.

तरी ती हवीच आहे मला. दोन्ही खरं आहे.

धाकटी


८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सोबत कागद पाठवते आहे. एका बाजूला मुळाक्षरं, मागे पन्नासपर्यंत आकडे. वर तिचं नाव, तेही तिनेच लिहिलं आहे. मी हात धरलेला नाही.

सांगितल्या जागी बसते. ऊठ म्हटल्याशिवाय उठत नाही.

रविवारच्या पहिल्या बसने तिला घेऊन येते. शाळेतलं आटोपलं की मी लगेच परत निघेन, वर्ग बंद ठेवता येत नाही. आपण त्या पत्रांबद्दल बोलू नये, असं मला वाटतं. तू चहा कर, मी पिते, बास.

ताई


१ मार्च

ताई,

शाळा सुरू झाली. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आपण दोघी कशा बसलो होतो, मी दाराकडे बघत होते आणि तू पिशवीचा बंद पिळत होतीस. मग त्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "फार तयारी आहे हो हिची," आणि तू रडायला लागलीस. मला वाटलं आनंदाने. तू बसमध्ये बसेपर्यंत डोळे पुसत होतीस.

इथलं सगळं बरं चाललं आहे. मी घाबरले होते तसं काहीच झालं नाही. मुंगी इतकी गुणी झाली आहे की घरमालकीणबाई तोंडात बोट घालतात. आवाज नाही, पसारा नाही. सकाळी मी कामावरून येते तेव्हा ती दप्तर घेऊन दारात तयार असते. संध्याकाळी आणली की भिंतीला टेकून मांडी घालून बसते. विचारते, "आई, आता उठू का?" मी ऊठ म्हटलं की उठते. मी तिला रंगाच्या कांड्या आणून दिल्या, तर म्हणाली, "काय काढू?" म्हटलं, तुला हवं ते. तर अ पासून लिहायला लागली. शाळेतल्या बाई खूश आहेत. तुझी शिस्त, दुसरं काय. मी तुला किती बोलले.

फक्त एक गंमत सांगते. आली त्या दिवशी तिचा फ्रॉक धुवायला घेतला, तर खिशात लाल दोऱ्याचा हा एवढा गुंता. तुझ्याकडून न विचारता उचलून आणला असणार. मी ओरडले नाही, पण समज दिली. दोरा तिने परत मागून घेतला, तेवढी एकच गोष्ट तिने मागितली.

थकले आहे, पण घरात कुणीतरी श्वास घेतंय, हे ऐकत थकणं वेगळं.

तुझी
धाकटी


९ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र वाचून मला काय वाटलं, ते तुला लिहून कळणार नाही, तरी लिहिते. पोर पसारा करत नाही, "काय काढू" विचारते, हे वाचून तू माझे आभार मानतेस. मला ते आभार घेता येत नाहीत.

बाकावर मी आनंदाने रडत नव्हते.

तुला शब्द दिला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी तिला माझ्या टेबलाशी बसवलं. बाकीची मुलं खेळत आणि ही लिहीत असे. पहिले दिवस तिची मान सारखी मागे वळायची, तिच्या दोऱ्याकडे. मी म्हणायचे, "आधी ओळ पूर्ण कर." ओळ पूर्ण व्हायची, मी दुसरी द्यायचे. तुझ्या मुकादमीणबाईंचा नातू माझ्या डोक्यात बसला होता, मी त्याला कधी पाहिलेलंही नाही. मान वळायची थांबेना, तेव्हा एके दिवशी सगळी मुलं गेल्यावर मी केरसुणी घेतली आणि तिची लाँड्री गोळा केली. रिळं, चिंध्या, मोठं रीळ, सगळं एका डब्यात. दोरासुद्धा उचलला. केर काढणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, हे तुम्ही केलंत?" मला इतकी वर्षं शिव्या घालणारी बाई ती.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली, सरळ त्या जागेपाशी गेली. उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही, की रडली नाही. चालत माझ्या टेबलाशी आली आणि बसली. त्यानंतर मान वळली नाही. महिनाभरात सगळं लिहायला आलं. लोकांना वाटतं, मी शिकवलं.

आई उठली नव्हती, धाकटे. तिच्या खेळात आई अजून उठायची होती आणि मी सगळं गोळा केलं. माझ्या वर्गात आजवर कुणी दोऱ्याच्या आतलं मोडलं नव्हतं. मोडलं ते मी, आणि तेही हिचं. तू मागितलंस ते चूक नव्हतं. ती तुझ्याजवळ आहे, हे मी पुसून टाकणार नाही आणि पुन्हा तीच वेळ आली तर मी तिला लिहायला शिकवीनच. पण थोडं खेळू देऊन, थोडं लिहून घेऊनही जमलं असतं. आधी मी आळस केला आणि मग घाई. दोन्ही वेळा मी तिच्याकडे बघत नव्हते.

डबा पार्सलने पाठवते आहे. तिला दे म्हणत नाही. दिसेल असा कुठेतरी ठेव आणि काही बोलू नकोस. "खेळ" म्हणू नकोस, नाहीतर ते पण ती सांगितल्यासारखं करेल. आणि दोरा तिने चोरला नाही. डब्यातून काढून घेतला असेल, पण तो तिचाच होता.

मी वर्गातल्या मुलांना पुन्हा दोरा ठेवू देते आहे. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे असं दिसतं. त्यांना माहीत नाही.

तुझी
ताई


३० मार्च

प्रिय ताई,

उशीर झाला. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पत्रावरच डोळा लागला.

डबा आला त्या दिवशी मी तो पलंगाखाली उघडा ठेवला. तिने बघितला. जवळ गेली नाही. जेवली, झोपायला खाली घरमालकीणबाईंकडे गेली. असेच दिवस गेले. मला वाटलं, संपलं. आपण दोघींनी मिळून संपवलं. कामावर घडी घालताना समोरच्या बाईला मी पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं, तर हेच सांगितलं. ती चादर जरा हळू ओढू लागली.

मग एक दिवस कामावर निघताना बघते, तर माझ्या बुटांभोवती लाल दोरा पडलेला. मला घाई होती. म्हटलं, काय हा गुंता. गोळा करून केराच्या टोपलीत टाकला आणि बूट घालून निघाले. ताई, मी तुझं पत्र वाचलेलं होतं. दोऱ्याचं सगळं मला माहीत होतं. तरी माझ्या लक्षात आलं नाही. थकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, केर तेवढा दिसतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बुटांभोवती दोरा. टोपलीतून काढलेला, चहाची पत्ती चिकटलेली. तेव्हाही मी "अगं, काय हे" म्हटलं आणि तो बाजूला सारला. तिने बघितलं. जसं तुझ्याकडे बघितलं असेल तसंच असणार.

काल शाळेला सुट्टी होती. सकाळी कामावरून आले, तिला दूध दिलं, म्हटलं, मी जरा पडते, तू बस. पलंगापर्यंतही गेले नाही, खाली सतरंजीवरच आडवी झाले. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. बघते तर माझ्या अंगावर टॉवेल, ओढणी, परकर, घरातलं सगळं कापड घड्या करून ठेवलेलं. पायांशी छोटी रिळं ओळीने उभी. आणि माझ्या भोवती, डोक्यापासून पायांपर्यंत, तुझा लाल दोरा. पुरला नव्हता, म्हणून उरलेल्या जागेत तिने माझी ओढणी पिळून लावली होती. ती दोऱ्याबाहेर मांडी घालून बसली होती. किती वेळ, कोण जाणे. घरभर पसारा.

मी हलले नाही. मला या वेळी कळलं होतं.

तिने मोठं रीळ हातात घेतलं आणि माझ्या डोळ्यांपुढे उभं केलं. मग बाकीच्या रिळांना सांगितलं, "उठली." माझ्याशी नाही बोलली. त्यांना सांगितलं.

मला रडू आवरेना, ताई. पोटभर रडले, तशीच पडल्या पडल्या. ती मधे आली नाही. थोड्या वेळाने एक घडी उलगडून माझं तोंड पुसलं, जसं तू वर्गात पुसतेस तसंच, नाक धरून.

मग कामाची वेळ झाली. जायचं तर होतंच. मी उठून बसले, पण दोऱ्याबाहेर पाऊल टाकवेना. म्हटलं, "मुंगे, मला कामावर जायचं आहे. आणि खेळ तर मोडायचा नाही. आता मी काय करू?"

तिने विचार केला. खूप वेळ केला, मला उशीर होत होता, पण मी घाई केली नाही. मग ती दोऱ्यापाशी सरकली आणि पायाशी त्याचं टोक उचलून जरासं बाजूला ठेवलं. माझं पाऊल जाईल एवढीच जागा.

"इथून जा," म्हणाली. "आणि सकाळी इथूनच ये."

मी तिथून गेले. आज सकाळी तिथूनच आत आले, बूट हातात घेऊन. मुकादमीणबाई काल रात्री उशीर झाला म्हणून बोलल्या, ऐकून घेतलं. मुंगीची अक्षरं छान येतात, ते मी रोज बघते, तिलाही आवडतं. पण आता ती लिहिताना मधेच मान वळवते, दोऱ्याकडे. मी ओळ पूर्ण कर म्हणत नाही.

उन्हाळ्यात वर्ग बंद असेल तेव्हा ये. येताना दादांकडून थोडा जास्त दोरा आण, दोघींना पुरेल एवढा. सतरंजी अजून तशीच खाली आहे, मी तिच्यावरच झोपते. केर काढायचा राहिला आहे.

तुझी
धाकटी